कोल्हापुरातील इलेक्ट्रॉनिक संगीतकारांसाठी ऐकण्याची मासिक बैठक: प्रस्ताव आणि चर्चा

रंकाळाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली, मिरज या पट्ट्यात संगणकावर, सिंथेसायझरवर (विजेच्या साहाय्याने नाद घडवणाऱ्या वाद्यावर) किंवा स्वतः जोडलेल्या सर्किटवर संगीतरचना करणारी मंडळी आता तुरळक राहिलेली नाहीत. त्यांतले कोणी दिवसा कारखान्यात ड्राफ्ट्समन आहे, कोणी महाविद्यालयात शिकते आहे, कोणी लग्नसमारंभांचे चित्रीकरण करते आणि रात्री जेवणे आटोपल्यावर हेडफोन लावून बसते. साधनांची अडचण पूर्वीसारखी उरलेली नाही. ऑडॅसिटी, सर्ज एक्सटी, सुपरकोलायडर, प्युअर डेटा, व्हीसीव्ही रॅक असे नाद घडवण्याचे कितीतरी सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते आणि साध्या लॅपटॉपवर चालते. अडचण आहे ती श्रोत्याची. रचना पूर्ण होते, इंटरनेटवर चढते, चार मित्र अंगठा दाखवतात आणि पुढच्या आठवड्यात ती कोणाच्या लक्षातही राहत नाही. ‘सातव्या मिनिटाला तू जो स्वर सोडलास तो थोडा आणखी थांबायला हवा होता’ असे सांगणारा माणूस या रचनाकारांना भेटत नाही, आणि असा माणूस भेटल्याशिवाय रचनाकार घडत नाही, असे माझे ठाम मत आहे.

कोल्हापूरला हे वेगळे सांगण्याची खरे तर गरज नाही. गायन समाज देवल क्लब या संस्थेची स्थापना १८८३ सालची आहे. शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारात आश्रय दिला आणि जयपूर-अत्रौली गायकीने या शहरात मूळ धरले, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु आश्रय म्हणजे केवळ तनखा नव्हे. एवढ्या गुंतागुंतीची, अनवट रागांची गायकी समजून घेणारे, पुन्हा पुन्हा ऐकणारे आणि जागेवर दाद देणारे कान गावात होते, हाही त्या आश्रयाचाच भाग होता.

भारतात इलेक्ट्रॉनिक संगीताची सुरुवात अलीकडची आहे, हा समजही दूर व्हायला हवा. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर बसवून दिला. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा या मंडळींनी १९७२ पर्यंत तेथे रचना केल्या. नंतर तो स्टुडिओ थंडावला. टेपची रिळे संस्थेच्या संग्रहात तशीच राहिली. ब्रिटिश कलावंत पॉल पर्गस यांनी ती शोधून काढली आणि त्यांतील निवडक रचनांचा संग्रह २०२३ साली प्रकाशित झाला. म्हणजे पन्नासेक वर्षे या रचनांना श्रोताच नव्हता. मुंबईच्या चरणजित सिंग यांचेही तेच. रोलंड कंपनीचे टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ ही यंत्रे हाताशी घेऊन त्यांनी १९८२ साली दहा राग डिस्को ठेक्यावर वाजवले. ती तबकडी खपली नाही. २०१० मध्ये ती हॉलंडमधून पुन्हा निघाली, तेव्हा जगभरच्या जाणकारांनी ती डोक्यावर घेतली. सिंग २०१५ साली वारले. आयुष्याच्या अखेरच्या पाच वर्षांत का होईना, त्यांना श्रोते मिळाले, याचे समाधान मानायचे की तोवर सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे गेली याची खंत करायची, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

माझा प्रस्ताव साधा आहे. महिन्यातून एकदा एका खोलीत जमावे. दोन चांगले मॉनिटर स्पीकर (नाद जसाच्या तसा ऐकवणारे) असावेत. एका बैठकीत एकाच रचनाकाराची एकच पूर्ण रचना वाजवावी, त्यावर मनमोकळे बोलावे आणि मग तीच रचना पुन्हा वाजवावी. दुसऱ्यांदा ऐकण्यावर माझा विशेष भर आहे, कारण पहिल्या वेळी आपण बहुतेक वेळा नवा नाद ऐकतो आणि रचना ऐकतो ती दुसऱ्या वेळी. आपणा सर्वांची मते हवी आहेत.

मंद्रसप्तक

प्रस्ताव उत्तम आहे. मी शास्त्रीय संगीताचा विद्यार्थी आहे आणि आजवर या रचनांपासून दूर राहिलो, त्याचे कारण स्पष्टपणे मांडतो. बहुतांश रचनांमधला स्वर मला टोचतो. की-बोर्डचे बारा स्वर समान अंतरावर बसवलेले असतात. त्या मांडणीत शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर येतो (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग), तर तंबोऱ्यात आपोआप ऐकू येणारा गंधार ५:४ या प्रमाणाचा, म्हणजे सुमारे ३८६ सेंटवरचा असतो. चौदा सेंटचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. परंतु मागे तंबोरा लावून त्यावर असा गंधार धरून ठेवला की दोन्ही गंधार एकमेकांवर घासतात आणि भूपासारख्या रागाचा सारा प्रसन्नपणा निघून जातो. आकाशवाणीने १९४० पासून जवळजवळ तीस वर्षे पेटीवर बंदी घातली होती, त्यामागेही हाच आक्षेप होता. बंदी मला मान्य नाही, आक्षेप मात्र मान्य आहे.

सॉफ्टवेअरमध्ये यावर उपाय आहे हे मला अलीकडेच समजले. आपण उल्लेख केलेल्या सर्ज एक्सटीमध्ये स्काला नावाच्या पद्धतीची एक छोटी मजकूर-फाइल घालता येते आणि तीत प्रत्येक स्वराचे अंतर आपल्याला हवे तसे लिहिता येते. एवढे सोपे असूनही आपले रचनाकार ते करत नसतील, तर त्यांना कोणी टोकलेले नाही, हेच कारण असावे. आपण म्हणता त्या बैठकीची गरज मला येथे पटते.

दुसरा मुद्दा मींडेचा, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता जाण्याचा. सिंथेसायझरमध्ये एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरण्याची सोय असते, पण ती घसरण बहुधा एका ठरलेल्या साच्यातली असते. मींड अशी नसते. ती निघताना रेंगाळते, मधल्या एखाद्या श्रुतीला स्पर्श करून जाते आणि पोहोचण्याआधी किंचित थबकते. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच पाच आहेत. एकात गंधारावर राहायचे, दुसऱ्यात धैवतावर, आणि स्वर कसा लावायचा यातच राग वेगळा होतो. यंत्राला पाच स्वर दिले म्हणजे राग दिला, असे समजणाऱ्या रचना मी ऐकलेल्या आहेत आणि त्या ऐकून मला वाईट वाटले. वाद्ये आणि संगणक जोडणाऱ्या मिडी या पद्धतीत पिच-बेंडला, म्हणजे स्वर वरखाली सरकवण्याच्या सोयीला, १६,३८४ पायऱ्या असतात. म्हणजे वक्र हवा तितका सूक्ष्म काढता येतो, तो काढणाऱ्याचे कान तयार हवेत.

जवारी_शोधक

मंद्रसप्तक यांचा प्रतिसाद वाचून लिहिण्याचे धाडस करत आहे. मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि गेले बरेच दिवस सुपरकोलायडरमध्ये तंबोरा घडवण्याचा प्रयत्न करतो आहे. बाजारात इलेक्ट्रॉनिक तंबोरे १९७९ पासून आहेत आणि बंगळूरच्या राडेल कंपनीचे ते काम मोठेच आहे. मला मात्र मुद्रित नाद पुन्हा पुन्हा वाजवायचा नसून, तार आणि घोडी (तार जिच्यावर टेकते ती पट्टी) यांचे गणित मांडून नाद तयार करायचा आहे.

१९८३ साली केव्हिन कार्पलस आणि अलेक्झांडर स्ट्राँग यांनी छेडलेल्या तारेचा नाद काढण्याची एक फार सुंदर रीत प्रसिद्ध केली. थोडा गोंगाट घ्यायचा, तो एका विलंबरेषेत (नाद थोड्या उशिराने परत देणाऱ्या साखळीत) फिरवत ठेवायचा आणि प्रत्येक फेरीला किंचित गाळायचा. सेकंदाला नादाचे ४४,१०० नमुने (मोजमापे) असतील, तर ४४१ हर्ट्झच्या स्वरासाठी ही रेषा साधारण १०० नमुन्यांची होते. आता गंमत पाहा. रेषा १०० ऐवजी १०१ नमुन्यांची केली, तर स्वर सुमारे १७ सेंटनी उतरतो. म्हणजे ज्या चौदा सेंटच्या गंधाराबद्दल वर लिहिले आहे, तो गंधार या दोन नमुन्यांच्या फटीत पडतो आणि सापडत नाही. त्यासाठी अपूर्णांकी विलंब वापरावा लागतो. तेही गणित त्याच वर्षी डेव्हिड जॅफी आणि ज्यूलियस स्मिथ यांनी मांडून ठेवलेले आहे.

खरी कसोटी जवारीची, म्हणजे घोडीला हलके घासणाऱ्या तारेतून उमटणाऱ्या भरदार नादाची, आहे. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीवर निबंध लिहिला होता. सामान्य तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूशी ज्यांचा निस्पंद (न हलणारा बिंदू) येतो ते उपस्वर (मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर) तीत उमटू नयेत, असा नियम आहे. तंबोऱ्याची रुंद, वक्र घोडी तो नियम मोडते, असे त्यांनी दाखवले. मिरजेला एका कारागिरांच्या दुकानात मी हे डोळ्यांनी पाहिले. त्यांनी तार छेडली, तेव्हा नाद बोथट होता. मग त्यांनी तारेखालचे सूत नखाने जेमतेम तांदळाच्या अर्ध्या दाण्याइतके पुढे सरकवले, पुन्हा छेडली, आणि तारेतून आधी पंचम, मग गंधार, मग त्याहून वरचे काही उपस्वर एकामागून एक उलगडत गेले. सूत आणखी थोडे सरकवताच ते सगळे पुन्हा मिटले. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आपण सगळ्यांनी आनंद मानला. परंतु त्या सुताची जागा कानाने ओळखणारी माणसे आपल्यापासून दीड तासावर बसलेली आहेत आणि इलेक्ट्रॉनिक संगीत करणारे आपण त्यांच्याकडे जात नाही.

माझा तंबोरा अजून कोरडा वाजतो. कशामुळे, ते मला एकट्याला कळत नाही. बैठक झाली तर मी तो घेऊन येईन.

लय_आणि_ठाय

मी तबला शिकवते. जवारी_शोधक यांना एक उदाहरण सांगावेसे वाटते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जिम किपेन हे संगीताभ्यासक लखनौ घराण्याच्या तबल्याचा अभ्यास करत होते. बर्नार्ड बेल या संगणकतज्ज्ञांबरोबर त्यांनी ‘बोल प्रोसेसर’ नावाची प्रणाली तयार केली. तबल्यातल्या ‘कायदा’ या रचनाप्रकाराचे पलटे (बोलांचे फेरबदल) कोणत्या नियमांनी होतात, हे एका व्याकरणाच्या रूपात संगणकाला द्यायचे आणि त्याने नवे पलटे रचायचे, अशी ती कल्पना होती. पुढची पायरी मला फार मोलाची वाटते. संगणकाने रचलेले पलटे ते उस्तादांपुढे ठेवत, उस्ताद ‘हे चालेल’ किंवा ‘हे आमच्या घरात बसत नाही’ असे सांगत, आणि त्या निकालानुसार व्याकरण सुधारले जाई. यंत्राचे शिक्षण कानाच्या निकालावर चाललेले होते. ही प्रणाली आजही मुक्त स्रोत स्वरूपात उपलब्ध आहे.

आपल्या बैठकीत हेच व्हावे. त्यासाठी जुन्या पठडीतल्या जाणत्यांना मानाने बोलवा. त्यांना ‘आमचे आधुनिक संगीत पाहायला या’ असे म्हणू नका, ‘आमचे काय चुकते ते सांगायला या’ असे म्हणा. कोल्हापूरचा जुना रसिक अशा बोलावण्याला नाही म्हणत नाही, हा माझा अनुभव आहे.

आणखी एक सूचना. बैठक रात्री नऊला सुरू करून साडेअकराला संपवाल, तर माझ्या शिष्यांतल्या निम्म्या मुली येणार नाहीत. रविवारी सकाळी ठेवा. या क्षेत्रात बायका नाहीत असे म्हणण्याची पद्धत आहे. पण बीबीसीच्या इलेक्ट्रॉनिक ध्वनिकार्यशाळेचा पाया घालणाऱ्यांत डॅफ्नी ओरम होत्या, तेथेच डेलिया डर्बीशायर यांनी काम केले, आणि अहमदाबादेत गीता साराभाई होत्या. त्यांनी १९४६ साली न्यूयॉर्कला अमेरिकन संगीतकार जॉन केज यांना भारतीय संगीत शिकवले होते.

हलगीघुमकं

आपली सगळी चर्चा आदराने वाचली. त्यात एक माणूस दिसत नाही, म्हणून लिहितो. या जिल्ह्यात इलेक्ट्रॉनिक संगीत सर्वांत जास्त कोण तयार करते, असे विचारले तर खरे उत्तर ‘डॉल्बीवाली पोरे’ असे आहे. गणपतीच्या मिरवणुकीसाठी ट्रॅक बांधणारा मुलगा हलगीचा ठेका मुद्रित करतो, त्याचे तुकडे पाडतो, खालच्या सप्तकात सिंथेसायझरचा बास बसवतो, मंडळाच्या नावाची आरोळी कुठे यावी ते ठरवतो आणि हे सगळे चार हजार माणसे एकदम नाचतील अशा बेताने जुळवतो. त्याला कोणी संगीतकार म्हणत नाही. त्याचे नाव ट्रॅकवर नसते, आणि असले तरी दुसरा कोणी ते पुसून स्वतःचे टाकतो.

डॉल्बीच्या भिंतींमुळे लोकांच्या छातीत धडधडते, लहान मुले आणि म्हातारी माणसे हैराण होतात, हे मी नाकारत नाही. माझ्या आजीला मिरवणुकीच्या दिवशी आम्ही गावाला नेऊन ठेवत होतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धकाला बंदी आहे, आणि हे नियम पाळले गेलेच पाहिजेत. पण आवाजाच्या पातळीवरचा राग आपण रचनेवर काढतो. या पोरांना कमी आवाजात, चांगल्या खोलीत, बसलेल्या श्रोत्यांसमोर आपली रचना ऐकवायची संधी कधी मिळालीच नाही. ती द्या. कदाचित त्यांना पहिल्यांदाच कळेल की हलगीच्या कडेवरची थाप आणि मधली थाप यांतला फरक त्यांच्याच ट्रॅकमध्ये बासखाली गाडला गेला आहे.

मंद्रसप्तक

हलगीघुमकं यांच्या भावना समजतात, पण मला हे मान्य करणे कठीण जाते. मिरवणुकीचा ट्रॅक नाचवण्यासाठी असतो. तो बसून ऐकला तर त्याच्यावरही अन्याय होईल आणि ऐकणाऱ्यावरही. कुस्तीच्या मैदानातली हलगी मैदानातच शोभते. शिवाय त्यांतील अनेक ट्रॅक दुसऱ्यांच्या गाण्यांवर बेतलेले असतात. बैठकीत अशा रचना वाजवल्या, तर हक्कांचे प्रश्न उभे राहतील.

हलगीघुमकं

हलगी मैदानात शोभते हे खरे, पण हलगी वाजवणाऱ्याला मैदानाबाहेर कोणी विचारले नाही, हेही खरेच आहे. हक्कांबाबत आपले म्हणणे योग्य आहे. म्हणून अट घाला की ठेका स्वतः मुद्रित केलेला असावा आणि चाल स्वतःची असावी. ही अट पाळणारी मुले मी आणतो.

दस्तऐवज

हक्कांचा विषय निघाला आहे, म्हणून थोडे नेमके लिहितो, कारण यात गैरसमज फार आहेत. जुन्या ध्वनिमुद्रिकेतला तुकडा उचलताना दोन हक्क वेगवेगळे पाहावे लागतात. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. त्यातल्या चालीवरचा आणि शब्दांवरचा हक्क मात्र त्या-त्या कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. आपल्या संगीतकार गोविंदराव टेंब्यांचेच उदाहरण घ्या. ते १९५५ साली वारले, म्हणून त्यांनी बांधलेल्या चाली २०१६ पासून सर्वांसाठी खुल्या आहेत. परंतु त्यांची चाल कोणी १९८० साली गाऊन मुद्रित केली असेल, तर ते मुद्रण खुले नाही. म्हणून चाल घ्या, ती स्वतः वाजवा आणि मूळ कर्त्याचे नाव लिहा. टेंबे स्वतः पेटीवादक होते आणि आपल्या काळातल्या नव्या वाद्याला त्यांनी प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यांच्या चालींवर इलेक्ट्रॉनिक काम करणारा कोणी कोल्हापुरात निघाला, तर मला व्यक्तिशः फार आनंद होईल.

यापेक्षा महत्त्वाचा मुद्दा जपणुकीचा आहे. अल्लादिया खाँसाहेबांच्या गाण्याचे मुद्रण आपल्यापाशी नाही. बाबूराव पेंटरांनी याच शहरात स्वतः कॅमेरा घडवला, १९१८ साली महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, आणि त्यांच्या मूकपटांपैकी आज फारच थोडे शिल्लक आहे. संगणकावरच्या रचनेचे तर याहून वाईट होते. पाच वर्षांनी सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलते, एखादे प्लगइन बंद पडते आणि प्रकल्पाची फाइल उघडतच नाही. बैठकीत जी रचना वाजेल, तिचा प्रत्येक थर वेगळ्या डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये, सर्व थर एकाच क्षणापासून सुरू होतील अशा रीतीने काढून ठेवावा. सोबत एका साध्या मजकूर-फाइलमध्ये षड्ज किती हर्ट्झचा, लय किती, कोणती यंत्रे व सॉफ्टवेअर वापरले आणि काय कुठे मुद्रित केले, हे मराठीत लिहावे. दोन प्रती दोन वेगळ्या घरांत असाव्यात. अहमदाबादची रिळे वाचली, कारण ती कोणीतरी फेकून दिली नाहीत. आपण तेवढ्या नशिबावर विसंबू नये.

उद्यमनगर_शेड

माझे शीट मेटलचे छोटे वर्कशॉप आहे. माझ्याकडे हल्ली मुले सिंथेसायझरच्या पेट्या करून घ्यायला येतात. फ्रान्सच्या म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने आपल्या मॉड्यूलची (सिंथेसायझरच्या सुट्या भागांची) सर्व रेखाचित्रे आणि प्रोग्रॅम खुले ठेवले होते. कंपनीचे काम २०२२ मध्ये थांबले, तरी ती रेखाचित्रे आहेत आणि त्यांवरून येथे बोर्ड भरता येतात. समोरची पट्टी दोन मिलिमीटर अॅल्युमिनियमची घ्यावी. पोटेन्शिओमीटरची (फिरवण्याच्या खुंट्यांची) भोके छपाईच्या मापावरून मारू नयेत, प्रत्यक्ष वस्तू मोजून मारावीत. घरगुती यंत्रांतून जी ५० हर्ट्झची गुणगुण येते, ती निम्म्या वेळा दोन वेगळ्या सॉकेटच्या अर्थिंगमुळे येते. सगळे एकाच पट्टीवर लावले की ती जाते.

बैठकीला स्पीकरचे स्टँड लागतील. ते मी करून देतो, मजुरी घेणार नाही. पाइपात वाळू भरून देईन, म्हणजे ते वाजणार नाहीत.

लय_आणि_ठाय

उद्यमनगर_शेड दादा, मनापासून आभार. या धाग्यावर आतापर्यंत सगळे ‘व्हावे’ असे म्हणत होते, आपण ‘करतो’ म्हणालात.

जवारी_शोधक

पैशांबद्दल कोणी लिहिलेले नाही. स्पॉटिफायने २०२४ पासून असा नियम केला आहे की बारा महिन्यांत १,००० वेळा ऐकल्या न गेलेल्या गाण्याला मानधनच मिळणार नाही. आमच्यासारख्यांची बहुतेक गाणी त्या रेषेखाली राहतात. बँडकॅम्प या संगीतविक्रीच्या संकेतस्थळावर डिजिटल विक्रीतले १५ टक्के ते ठेवतात, म्हणजे व्यवहार चोख आहे. पण तेथे मानधन पेपाल या ऑनलाइन पैसे पाठवण्याच्या सेवेमार्फत येते आणि पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात होणारे व्यवहार बंद केले. जर्मनीतल्या श्रोत्याला माझी रचना विकत घेता येते, पण राजारामपुरीतल्या श्रोत्याने कशी घ्यावी हा प्रश्नच आहे.

रंकाळाकाठ (धागाकर्ता)

जवारी_शोधक, राजारामपुरीतल्या श्रोत्याचा प्रश्न सोडवणे आपल्या हातात आहे. बैठकीच्या दारात रचनाकाराचा स्वतःचा यूपीआयचा फलक ठेवू. ज्याला जे द्यावेसे वाटेल ते थेट त्याच्या खात्यात जाईल, मध्ये कोणतीही समिती किंवा खजिनदार राहणार नाही. जागेचा आणि चहाचा खर्च वेगळ्या वर्गणीतून भागवू. पैसा रचनाकाराच्या हातात पडलाच पाहिजे, ही गोष्ट मी गौण मानत नाही. एका कार्यक्रमात ‘तुम्हाला व्यासपीठ मिळते आहे’ असे सांगून एका मुलाकडून तीन तासांचे काम फुकट करून घेतलेले मी पाहिले आहे, आणि त्याने त्यानंतर यंत्रे विकून टाकली.

मंद्रसप्तक आणि हलगीघुमकं यांच्या वादात मी हलगीघुमकं यांच्या बाजूला झुकतो. नाचवण्यासाठीची रचना बसून ऐकली तर तिचे काहीतरी हरवते, हे खरे आहे. पण तिची बांधणी बसूनच कळते, आणि बांधणी सुधारली तर ती मिरवणुकीत कमी आवाजातही पोहोचेल, असे मला वाटते. स्वतःचा ठेका आणि स्वतःची चाल ही अट मात्र सर्वांना लागू राहील. तिसरी बैठक या रचनांसाठी ठेवू. मंद्रसप्तक, आपण त्या दिवशी यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे, कारण आपल्यासारखा कान त्या मुलांना दुसरीकडे मिळणार नाही.

भिंतीमागे

मी ध्वनिमुद्रणाचे काम करतो. खोली निवडण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सुमारे २० फूट लांबीच्या खोलीत २८ आणि ५६ हर्ट्झच्या आसपासचे खर्ज नाद भिंतींमध्ये अडकून उभे राहतात. मागच्या भिंतीला टेकून बसलेल्याला ५६ हर्ट्झचा बास छातीवर बसल्यासारखा वाटेल, आणि त्याच्यापासून पाच फूट पुढे बसलेल्याला तो जवळपास ऐकूच येणार नाही. मग दोघेही प्रामाणिकपणे बोलतील आणि दोघांचे म्हणणे उलट असेल. भिंतीवर गोधड्या टांगल्याने फक्त वरचे नाद मऊ होतात, खर्जावर त्यांचा परिणाम होत नाही. म्हणून लांबी, रुंदी आणि उंची एकसारख्या नसलेली खोली शोधा, मागच्या भिंतीपासून खुर्च्या दूर ठेवा, आणि दुसऱ्या वेळी रचना वाजवताना सर्वांनी जागा बदलून बसावे. आवाज इतकाच ठेवा की शेजारच्याशी बोलण्यासाठी ओरडावे लागणार नाही.

रंकाळाकाठ (धागाकर्ता)

भिंतीमागे यांची जागा बदलण्याची सूचना तत्काळ स्वीकारली. दुसऱ्यांदा वाजवायचेच होते, आता त्याला आणखी एक कारण मिळाले.

ठरले ते असे. बैठक महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी साडेदहाला होईल. राजारामपुरीतील एका सदस्यांनी आपल्या घराचा वरचा हॉल देऊ केला आहे. तो चौरस नाही आणि रस्त्यापासून आत आहे. पहिल्या बैठकीत जवारी_शोधक यांचा तंबोरा ऐकू. त्याच वेळी शेजारी मिरजेचा खरा तंबोरा जुळवून ठेवावा, अशी मंद्रसप्तक यांना विनंती आहे. दोन्ही एकाच षड्जावर, आधी एक, मग दुसरा, मग पुन्हा पहिला, असे ऐकू. लय_आणि_ठाय ताईंनी दोन ज्येष्ठ जाणकारांना बोलावण्याचे कबूल केले आहे. त्यांच्यासाठी खाली बसण्याऐवजी खुर्च्या लागतील. थरांच्या फाइल आणि नोंदी दस्तऐवज यांच्याकडे जमा कराव्यात.

उद्यमनगर_शेड, स्टँडची उंची बसलेल्या माणसाच्या कानाइतकी हवी. स्पीकर माझ्याकडे आहेत, त्यांच्या तळाचे माप उद्या टाकतो.

उद्यमनगर_शेड

तळाचे माप टाका आणि वजनही टाका. वाळू किती भरायची ते त्यावर ठरेल. गुरुवारपर्यंत मिळाले, तर शनिवारी रंगासकट तयार ठेवतो.

मंद्रसप्तक

तंबोरा घेऊन येतो. षड्ज काळी एकचा ठेवावा. जवारी_शोधक, आपण यंत्रातही तोच ठेवा आणि गंधार मुद्दाम बसवू नका. तारेतून तो आपला आपण येतो का, हे आधी ऐकू.

जवारी_शोधक

ठेवतो. गंधार बसवलेला नाही, चारही तारा फक्त पंचम आणि षड्जाच्या आहेत. बैठकीपूर्वी दोन दिवस आधी फाइल आणि प्रोग्रॅम येथेच टाकतो, म्हणजे ज्यांना सुपरकोलायडर येते त्यांना घोडीचे गणित वाचून येता येईल.